राखीव वनातल्या टेकडीवर सायकलची वाट: परवानगी कोणाकडे, आखणी कशी?

उतारपट्टी

सातारा तालुक्यातली शहरालगतची टेकडी आहे. उतार 30 ते 35 टक्के, जमीन मुरमाड, माथ्यावर जांभ्याचा सडा (सपाट, उघडा कातळ). मधल्या उतारावर वनखात्याचे सलग समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले चर) आहेत. माउंटन बाइकवाल्यांनी माथ्यावरून सरळ खाली पाच वाटा पाडल्यात, त्यातल्या दोन आता गुडघाभर ओघळी झाल्यात. वनरक्षक सायकली अडवायला लागलेत आणि त्यांचं चुकतंय असं म्हणता येत नाही. एकच वाट नीट आखून रीतसर मंजूर करून घ्यायची, बाकीच्या बुजवायच्या, असा विचार आहे. अर्ज कोणाकडे करायचा आणि वाट पावसात टिकायला काय लागतं? परदेशात जंगलं सायकलला खुली असतात, तो दाखला जोडावा का?

गटनंबर

आधी जमीन कोणाची ते बघा. सातबारा, गटाचा नकाशा आणि वनपरिक्षेत्र कार्यालयातून कक्ष क्रमांक (वनाच्या त्या तुकड्याचा नंबर). राखीव वन असेल तर भारतीय वन अधिनियम 1927 चं कलम 26 लागतं. त्यात विनापरवाना शिरणं जसं येतं तसं जमीन खणणंही येतं. "आम्ही तर वाट दुरुस्त करतोय" म्हणून फावडं घेऊन गेलात तरी गुन्हा तोच. अभयारण्य निघालं तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 ची कलमं 27 ते 29 बघा. प्रवेशाचा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या अखत्यारीत येतो. तिथे नवी वाट मागूच नये, असलेल्या गाडीरस्त्यापुरती परवानगी मागावी.

राखीव वनासाठी अर्ज उपवनसंरक्षकांच्या नावे, पण वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत. "नवीन वाट" हे शब्द अर्जात नकोत. "सध्याच्या पाच वाटा बंद करून एक" असं लिहा आणि नकाशावर दोन्ही दाखवा. सोबत जीपीएस ट्रॅक, बंद ठेवायचे महिने, वेळा, देखभाल कोण करणार, आणि गावात संयुक्त वनव्यवस्थापन समिती असेल तर तिचा ठराव. ठराव नसला की फाइल टेबलावर पडून राहते. सिमेंट, कमान, शेड, वृक्षतोड यातलं काहीही मागू नका, नाहीतर विषय वनेतर वापराच्या 1980 च्या कायद्यात जातो आणि मग बसा वाट बघत.

परदेशाचा दाखला उलटेल. अमेरिकेत 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याने 'वाइल्डरनेस' म्हणून राखलेल्या क्षेत्रांत यांत्रिक वाहतुकीलाच बंदी आहे आणि सायकलही त्यात मोडते.

मुरूममाती

आखणीचं बोलतो. वाट टायरमुळे कमी आणि वाटेवरून वाहणाऱ्या पाण्यामुळे जास्त खचते. वाटेचा चढ बाजूच्या उताराच्या निम्म्याहून जास्त झाला की पाणी तिला आडवं ओलांडून न जाता तिच्यातूनच धावतं. तुमच्या उतारावर हिशोबाने 15 टक्के चालतील, पण मुरमावर सरासरी 7-8 च ठेवा.

मोजायला पाणलोटाच्या कामातली ए-फ्रेम (A अक्षराच्या आकाराची, ओळंबा टांगलेली चौकट) पुरते. दोन पायांत 2 मीटर अंतर ठेवा आणि उताराकडच्या पायाखाली 14 सें.मी. चा ठोकळा बांधा. ओळंबा मधल्या खुणेवर आला की 7 टक्के. खुंट्या मारत पुढे चला.

रुंदी 60 सें.मी. पुरे. ती सगळी रुंदी डोंगराची बाजू कापूनच काढा. निम्मी कापून निम्मी भरावावर केली तर भराव पहिल्याच पावसात खाली जातो. बाहेरची कड आतल्यापेक्षा 3 सें.मी. खाली ठेवा. दर 10-15 मीटरला उतरती वाट चार-पाच पावलं किंचित चढवा, म्हणजे वाटेत साचत आलेलं पाणी तिथे बाहेर पडतं. वर्षभराने मधे चाकोरी आणि बाहेरच्या कडेला मातीची वरळी (लांबट उंचवटा) तयार होते. पावसाळा संपला की ती वरळी कुदळीने काढायची. देखभालीतलं मुख्य काम हेच, आणि तेच कोणी करत नाही.

चरांना मात्र जपा. चर समपातळीत असतो. त्याचा बांध एका जागी वीतभर जरी खाली बसला तरी अख्ख्या चराचं पाणी तिथूनच फुटतं आणि खाली नवी ओघळ पडते. म्हणून शक्य तेवढं अंतर दोन चरांच्या मधल्या पट्ट्यातून जा आणि चर जिथे संपतो त्या टोकाला वळसा घ्या. बांधावरून जाणं टळतच नसेल तर वनखात्याला विचारून तेवढ्या जागी दगडी फरसबंदी करा, बांध कापू नका.

घाणेरीचा वैरी

सड्यावर वाट नकोच, माथ्याच्या खालीच संपवा. उन्हाळ्यात कातळ उघडाबोडका दिसतो, पण बोटभर मातीत कंद झोपलेले असतात. वाट दाखवायला दगड उचलून रचू नका. सुट्या दगडांखाली बेडूक, पाली, देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर) असतात.

जून ते सप्टेंबर पूर्ण बंद. त्याआधी-नंतरही टायरचा ठसा बोटाच्या पेराएवढा रुतला तर मागे फिरायचं. टिटवी मार्चपासून उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि ती खड्यांत दिसत नाहीत. पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत असेल तर सायकल उचलून लांबून जा. सूर्यास्तानंतर बंदी हवीच, रातवे पक्षी वाटेवरच बसतात. गाजरगवताचं बी टायरच्या चिखलातून पसरतं, म्हणून टायर घरीच ब्रशने साफ करून या. आणि स्ट्राव्हा या सायकलस्वारांच्या अ‍ॅपवरचे जुने सेगमेंट (वेळ मोजायचे वाटेचे टप्पे) धोकादायक म्हणून नोंदवा, म्हणजे वेळेची क्रमवारी दिसत नाही. नाहीतर बुजवलेली वाट शर्यतीपायी पुन्हा उघडते.

उतारपट्टी

आभार. त्या दोन ओघळी कशा बुजवायच्या? काट्याकुट्या टाकून भागेल?

मुरूममाती

फांद्यांनी माणूस अडेल, पाणी नाही. शिवाय वाळलेल्या फांद्या म्हणजे वणव्याला सरपण. आधी माथ्याशी ओघळीत शिरणारं पाणी तिरकं वळवा. मग वरून सुरुवात करून ओघळीतल्याच दगडांचे अनगड दगडी बांध (न घडवलेले दगड नुसते रचून केलेले) घाला. उंची फूटभर, दोन्ही टोकं काठात वीतभर रुतवलेली, मधला भाग काठांपेक्षा खाली. खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याच्या पातळीत हवा; तुमच्या उतारावर दोन बांधांत जेमतेम मीटरभर अंतर येईल, म्हणजे दगड बरेच लागतील. उरलेल्या तीन वाटांची दडपलेली माती टिकावाने 10-15 सें.मी. मोकळी करा आणि जुलैत शेजारच्याच मारवेल-पवन्या गवताचे ठोंब लावा. यातलं कुठलंही काम लेखी परवानगी हातात आल्यावरच.