बीएफए झालं, आता मास्टर्सला बडोदा की गावात राहून फेलोशिप?

तापीकाठ : धाकटा भाऊ यंदा पेंटिंगमध्ये बीएफए झाला, वय २३. आम्ही शिरपूरकडचे, घरी कापूस आणि थोडी केळी. त्याला बडोद्याला मास्टर्स करायचंय आणि आबा म्हणतात, "आठे काय कमी शे तुले?" एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा कर, शाळेला लाग, उरलेल्या वेळात काढ काय काढायचं ते. माझं म्हणणं, त्याने जावंच. त्याची चित्रं आमच्याकडे धान्याच्या कोठीमागे उभी करून ठेवलीयत, दोन कॅनव्हासचे कोपरे उंदरांनी कुरतडलेत, आणि चार वर्षांत त्यातल्या एकावर कोणी पंधरा मिनिटं नीट बोललंय असं झालेलं नाही. पाहुणे येतात, हे कशाचं चित्र विचारतात, चहा पिऊन जातात. हा पिवळा इथेच का थांबवलास असं विचारणारी माणसं त्याला दोन वर्षं तरी मिळायला हवीत. तुम्हाला काय वाटतं?

फर्दापूर_फाटा : नका पाठवू भो. मी केलंय एमएफए, कुठे ते सांगत नाही, दोन वर्षं खोलीभाडं, मेस आणि रंगांत वडिलांचा एका हंगामाचा कापूस गेला आणि गाइड सर महिन्यातून एकदा दिसायचे. त्यापेक्षा संस्कृती मंत्रालयाची ज्युनिअर फेलोशिप बघा, महिना १०,००० दोन वर्षं, म्हणजे २,४०,००० आणि राहायचं घरी. विषय आपल्या उंबऱ्यावर आहेत. नंदुरबारकडच्या काठी गावच्या आदिवासी होळीत अंगावर ठिपके काढतात ते कोणी चित्रकाराच्या नजरेने मांडलंय का? अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटर, जेजे स्कूल ऑफ आर्टची पोरं १८७२ पासून त्यांच्या ग्रिफिथ्स सरांसोबत मुंबईहून येऊन तिथल्या भिंतींच्या नकला करत बसली, आणि आपली पोरं सहलीला जाऊन सेल्फी काढून येतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. आणि फोटोग्राफर केकी मूस? चाळीसगाव स्टेशनजवळच्या बंगल्यात राहून केवढं काम करून गेला माणूस!

चोपड्याची_माई : फाटा भाऊ, तुमच्याबाबतीत झालं ते वाईटच, पण ज्युनिअर फेलोशिपला वय २५ ते ४० लागतं आणि मुलगा २३ चा आहे. त्याच्या वयाला सीसीआरटी या संस्कृती मंत्रालयाच्याच संस्थेची यंग आर्टिस्ट स्कॉलरशिप बसते, १८ ते २५, महिना ५,०००, दोन वर्षं. शिवाय फेलोशिपचे पैसे दर महिन्याला येत नाहीत, सहा-सहा महिन्यांच्या हप्त्याने येतात, रिपोर्ट द्यावा लागतो, तोवर कॅनव्हास आणि ट्यूबा पदरच्या पैशानेच आणायच्या. आणि केकी मूस आधी इंग्लंडला जाऊन शिकून आले, मग चाळीसगावात दार लावून बसले, हे अर्धं का सोडता? होळीचा विषय चांगला आहे, पण तो प्रोजेक्ट म्हणून कागदावर मांडायचा कसा, आपण बघतोय त्यात नवीन काय, हे बीएफएच्या पोराला कोण शिकवतं? मला तरी कोणी शिकवलं नव्हतं, फेलोशिपच्या यादीत तीन वेळा नाव आलं नाही. पुढे कॉलेजात शिकवायचं तर नेट परीक्षेला मास्टर्स लागतंच.

ड्रॉइंग_सर : एटीडीला सगळेच कमी का लेखताय? मी तेवढ्यावर बावीस वर्षं एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांची पोरं घडवली, त्यातली काही आज कमर्शियल आर्टमध्ये आहेत. फक्त आबांना एक सांगा, मी रिटायर झालो ती जागा अजून भरलेली नाही. नोकरी मिळेलच या भरवशावर एटीडी करायला लावू नका.

फर्दापूर_फाटा : वयाचं माझं चुकलं, मान्य माई. पण माझा मुद्दा कॉलेजच्या नावाचा आहे, नाव मोठं म्हणून जाऊ नये. मी न बघता गेलो. आधी दोन दिवस जाऊन यायचं, स्टुडिओत रात्री काम करू देतात का, दुसऱ्या वर्षाची पोरं काय करतायत, सर भेटतात का, हे पोरांनाच विचारायचं. ऑफिसात विचारून काही कळत नाही.

तापीकाठ : हे पटलं. नंदुरबारहून नवजीवन एक्सप्रेस पकडली की थेट बडोद्याला उतरता येतं, मुंबईपेक्षा ते आम्हाला सोपं, पुढच्या आठवड्यात दोघं जाऊन येतो. सीसीआरटीचाही फॉर्म भरतो. चित्रांचे फोटो मोबाइलवर काढले तर चालतील का?

चोपड्याची_माई : चालतात, पण ट्यूबलाइटखाली काढू नका, रंग हिरवट येतो. सकाळी गच्चीवर सावलीत कॅनव्हास सरळ उभा करा, मोबाइल बरोबर चित्राच्या मध्यावर धरा, काच असेल तर काढून टाका. प्रत्येकाखाली साइज सेंटीमीटरमध्ये, माध्यम, वर्ष. आणि पंचवीस बरेवाईट पाठवण्यापेक्षा एकमेकांशी नातं असलेले दहा पाठवा.

तापीकाठ : आज सकाळी काढले फोटो. वारा होता म्हणून कॅनव्हास धरायला कोणीतरी लागत होतं, आबाच आले. सहा-सात झाल्यावर एक उलटा करून बघितला, बराच वेळ बघत राहिले, मग भावाला म्हणाले, "हाई आपलंच वावर शे ना? मंग हिर कुठे गई?" विहीर का नाही काढली ते तो सांगत बसला, आणि ते दोघं बोलत होते तोवर ऊन गच्चीवर आलं. उरलेले फोटो उद्या काढू.