अनुभव धागा: मंडळीतील (चर्चमधील) ज्येष्ठ आणि तरुण, नाते कशाने जुळले, कशाने दुरावले?

गेल्या महिन्यात आमच्या तरुण संघाने रविवारच्या उपासनेत दोन नवी गीते घेण्याची परवानगी मागितली. पंचांसमोर (मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांसमोर) तासभर चर्चा झाली, पण गीतांविषयी फारच थोडे बोलणे झाले. "आमचे कोणी ऐकत नाही" हे वाक्य मात्र दोन्ही बाजूंनी अनेकदा उच्चारले गेले. हा प्रश्न मराठी मंडळीला नवा नाही. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, त्या काळी आपल्या उपासनेत पाश्चात्त्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीते मोठ्या प्रमाणावर गायली जात. आज आपण ज्येष्ठांचा ठेवा म्हणून जपतो ते टिळकांचे अभंग आणि भजने एकेकाळी नवीच होती. तेव्हा मते बाजूला ठेवून आपण एकमेकांना प्रसंग सांगावेत, अशी विनंती आहे. मंडळीचे किंवा व्यक्तीचे नाव लिहू नये. वय आणि गाव पुरे.

निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर जिल्हा, वय 71

मी चाळीस वर्षे आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवली. तरुणांनी कीबोर्ड आणि ड्रम आणले तेव्हा मला फार लागले आणि मी पेटीला कुलूप लावून घरी बसलो. कोणी मला जा म्हटले नव्हते. पण थांबा असेही कोणी म्हटले नाही.

दीड वर्षानंतर कीबोर्ड वाजवणारा मुलगा घरी आला. एका कुटुंबात मयत झाली होती आणि त्यांनी आजोबांच्या आवडीचे एक गीत मागितले होते. 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकात शब्द होते, गीताच्या डोक्यावर चालीचे नावही होते. परंतु ज्या पदावरून ती चाल घेतली ते पद आज कोणाच्या कानावर नाही. तो म्हणाला, "गुरुजी, पुस्तकात चाल आहे, पण ऐकू येत नाही." मी कुलूप काढले. भात्यावर धूळ होती आणि काळी दोनची पट्टी अडकत होती. कडव्याच्या तिसऱ्या ओळीत स्वर वर न जाता मध्यमावर थांबतो आणि मग खाली येतो. ती जागा तो पुन्हा पुन्हा चुकत होता. अकराव्या वेळी त्याला ती सापडली, तेव्हा आतल्या खोलीतून माझ्या पत्नीनेही ओळ उचलली.

त्यानंतर आम्ही दर शनिवारी बसतो. तो मोबाइलवर ध्वनिमुद्रण करतो. आजवर 63 चाली झाल्या आहेत. त्यांतल्या काही मला माझ्या वडिलांनी शेतात काम करता करता शिकवल्या होत्या आणि त्या इतर कोणाला येत असतील असे मला वाटत नाही. ड्रम मला अजूनही आवडत नाही, हे मी त्याला सांगितले आहे. तो ऐकून घेतो आणि पुढची चाल विचारतो.

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरी, पुणे, वय 24

गुरुजी, सलाम. तुमचा अनुभव वाचून मला माझा लिहावासा वाटला, जरी त्याची सुरुवात चांगली नाही.

मी इंग्रजी माध्यमात शिकले. मराठी बोलते, पण जोडाक्षरे वाचताना अडखळते. दृढीकरणानंतर (मंडळीची पूर्ण सभासद झाल्यावर) पहिल्यांदा मला उपासनेत शास्त्रपाठ वाचायला दिला, तो बायबलमधील यशयाच्या पुस्तकातला होता. दुसऱ्याच वचनात माझा उच्चार चुकला आणि पुढच्या बाकावरून एका ज्येष्ठ गृहस्थांनी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात तो सुधारला. मी पाठ कसाबसा संपवला आणि त्यानंतर सात महिने चर्चला गेले नाही. त्यांचा हेतू वाईट नसावा, हे आज मला पटते; पण वचन नीट वाचले जावे या काळजीत वाचणारी मुलगी त्यांच्या नजरेतून सुटली.

मला परत आणले ते महिला मंडळातल्या एका मावशींनी. त्यांनी माझ्याशी त्या प्रसंगाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्या आपले पवित्र शास्त्र घेऊन आल्या. त्यात प्रत्येक अवघड शब्दावर शिसपेन्सिलीने बारीक उभ्या रेघा मारून तो तोडलेला होता. त्या म्हणाल्या, "मी सातवीपर्यंत शिकले, मीही असेच वाचते. तू मला फोनवर पाळकसाहेबांचे (धर्मगुरूंचे) संदेश कसे ऐकायचे ते दाखव, मी तुला हे देते." ते शास्त्र आता माझ्याकडे आहे.

गृहिणी, वसई, वय 46

आमचे घर कुपारी, म्हणजे वसईच्या कॅथोलिक समाजातले; घरात कादोडी ही आमची बोली बोलली जाते. माझी मुले इंग्रजी मिस्साला (चर्चमधील मुख्य उपासनेला) जातात. सासूबाई मराठी मिस्साला जातात आणि संध्याकाळची जपमाळ घरी मराठीतच होते. यावरून मी मुलांना रागावत असे.

एकदा सासूबाईंनी मला थांबवले. त्या लहान असताना मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. त्यांना एकाही शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, तरी सर्व प्रतिसाद तोंडपाठ होते आणि आजही आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1960च्या दशकात, मराठी आली, तेव्हा त्यांच्या आजी अनेक दिवस रडल्या. लॅटिन गेली म्हणजे देव दूर गेला, असे त्यांना वाटले. सासूबाई मात्र प्रार्थनेचा अर्थ पहिल्यांदा कळला म्हणून आनंदात होत्या, आणि आजीजवळ बसून तिचे दुःख समजून घ्यायला हवे होते, ही खंत त्यांना अजून आहे. आता त्या नातवाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो संपादक असतानाचे 'सुवार्ता' मासिकाचे जुने अंक वाचायला लावतात. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. तो वाचतो, अडतो तिथे त्या कादोडीत सांगतात. मिस्सा कोणत्या भाषेतली, हा वाद आमच्या घरात मिटलेला नाही, पण मी मुलांना रागावणे सोडले आहे.

माजी खजिनदार, मुंबई, वय 68

मी बावीस वर्षे मंडळीचे हिशेब पाहिले. तरुण येत नाहीत, जबाबदारी घेत नाहीत, असे मी प्रत्येक वार्षिक सभेत बोलत असे, आणि कपाटाची किल्ली माझ्याच खिशात असे. एका मुलीने भर सभेत विचारले, "काका, तुम्ही आम्हाला किल्ली कधी देऊ केली होती?" मला उत्तर देता आले नाही. मी पुढच्या महिन्यात ती दिली.

नागपूर, वय 29

2020च्या टाळेबंदीत आमच्या तरुण संघाने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी वाटून घेतली. रोज एक फोन, आठवड्यातून एकदा औषधे आणि किराणा. माझ्या वाट्याला आलेले आजोबा सुरुवातीला दोन वाक्यांत फोन ठेवत. पुढे त्यांनी मला सांगितले की 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात वेगवेगळ्या पंथांच्या सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, तेव्हा ते विशीतले स्वयंसेवक होते आणि त्यांनी खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांच्या वडिलांना हे ऐक्य मान्य नव्हते. आपल्या मंडळीचे नाव पुसले जाईल, या भीतीने ते त्या दिवशी घरीच राहिले. बापलेक त्यावरून वर्षभर एका बाकावर बसले नाहीत.

आजोबा त्याच वर्षी गेले. अंत्यविधीला वीस जणांचीच मुभा होती आणि त्यांची मुले परगावी अडकली होती. शवपेटी आम्ही संघातल्या सहा जणांनी उचलली. थडग्याशी गीत कोणते घ्यायचे, हे मला ठाऊक होते, कारण त्यांनी ते मला फोनवर सांगून ठेवले होते.

कोल्हापूर, वय 33

माझा अनुभव जुळल्याचा नाही. मी सहा वर्षांपूर्वी आमची मंडळी सोडून एका स्वतंत्र सहभागितेत (कोणत्याही जुन्या चर्चशी न जोडलेल्या प्रार्थनागटात) जाऊ लागलो. तिथे मला मोकळेपणाने प्रार्थना करता येते आणि माझ्या शंकांना उत्तरे मिळतात. जुन्या मंडळीत तेच प्रश्न विचारले तेव्हा, तुझे आजोबा इथे पंच होते, असे उत्तर मिळाले होते. माझ्या निर्णयाबद्दल मला पश्चात्ताप नाही.

परंतु आई अजून तिथेच जाते, उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर, जिथे आम्ही चौघे बसत असू. बाबा नाहीत, बहीण परदेशी आहे. वरील सर्व अनुभव मी काल रात्री तिला वाचून दाखवले. गुरुजींचा अनुभव तिने दोनदा वाचायला लावला आणि ते गीत कोणते असेल, असे विचारले. गुरुजी, शक्य असल्यास गीताचा क्रमांक कळवावा. तिला एक जुनी चाल आठवते, पण तिसरी ओळ आठवत नाही.