रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थांत उद्योजकता शिकवावी का?

(‘रूळवाट’, एक जुना अ‍ॅप्रेंटिस म्हणजे पूर्वीचा शिकाऊ उमेदवार आणि एक निदेशक म्हणजे कामाचे प्रशिक्षण देणारा, या तिघांतली ही चर्चा.)

रूळवाट : रेल्वेच्या कारखान्यांत शिकणाऱ्या फिटर, वेल्डर, मशिनिस्ट आणि इलेक्ट्रिशियन मुलांना उद्योजकता शिकवली पाहिजे, आणि ती वेगळ्या तासाला नव्हे तर कामाच्या जागीच शिकवली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आयटीआयच्या रोजगारक्षमता कौशल्यांच्या विषयात उद्योजकतेचे प्रकरण आहेच. पण मुले त्यातल्या व्याख्या पाठ करतात, आणि बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा, उघडल्यावर त्यांना रोज दिसणारे दोष त्या प्रकरणात येत नाहीत. जून २०२२ मध्ये रेल्वेने स्टार्टअपसाठी धोरण आणले, एका प्रकल्पाला दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले आणि बौद्धिक संपदेचा हक्क शोधकर्त्याकडेच ठेवला. रेल्वेने तेव्हा मांडलेल्या प्रश्नांत तुटलेला रूळ ओळखणारी यंत्रणा होती, मालडब्यांचे वजन घटवणे होते. अशी यादी शिकाऊ उमेदवारांच्या हातात प्रशिक्षण चालू असतानाच पडली पाहिजे.

जुना अ‍ॅप्रेंटिस : आपली तळमळ मान्य आहे, तरी माझा विरोध आहे. २० मार्च २०१८ रोजी माटुंगा आणि दादरच्या दरम्यान शिकाऊ उमेदवारांनी रूळ अडवले, तेव्हा त्यांची मागणी भांडवलाची नव्हती, कायम नोकरीची होती. रेल्वेच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत खालच्या, स्तराच्या भरतीत अ‍ॅप्रेंटिस झालेल्यांसाठी २० टक्के जागा राखीव असल्या, तरी शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला त्यात स्थान मिळत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या रेल कौशल विकास योजनेत जेमतेम शंभर तासांचे प्रशिक्षण आहे आणि त्यावरून रेल्वेत नोकरीचा हक्क सांगता येणार नाही, हे आधीच स्पष्ट केलेले आहे. अशा वेळी ‘स्वतःचा उद्योग काढा’ हा उपदेश म्हणजे जबाबदारी झटकणे ठरते. शिवाय आपण सांगता ते अनुदान बरोबरीच्या वाट्याचे आहे. शेतमजुराच्या मुलाने आपला निम्मा वाटा कोठून आणायचा?

निदेशक : माझी हरकत वेगळी आहे. रेल्वेत शिकवण्याचा पाया म्हणजे ठरलेले माप, ठरलेला क्रम आणि ठरलेली तपासणी. सप्टेंबर २००४ मध्ये मडगावला कोकण रेल्वेच्या स्कायबसची, म्हणजे उंच मार्गाखाली लटकत धावणाऱ्या डब्यांची, चाचणी चालू असताना अपघात झाला आणि एकाचा जीव गेला. त्या प्रकल्पामागे तर अनुभवी अभियंते होते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला नियम अंगवळणी पडण्याआधीच नियमापलीकडचा विचार करायला लावणे मला धोक्याचे वाटते.

रूळवाट : निदेशकांचे म्हणणे गाडीला लागणाऱ्या प्रत्येक भागाबाबत पूर्णपणे खरे आहे, आणि तेथे आरडीएसओच्या, म्हणजे रेल्वेची मानके ठरवणाऱ्या संशोधन संस्थेच्या, मान्यतेशिवाय एक पाऊलही टाकू नये. पण त्याच कोकण रेल्वेने १९९९ मध्ये भरलेले ट्रक सपाट वॅगनवर चढवून नेण्याची रो-रो सेवा सुरू केली. त्यात नवे यंत्र फारसे नव्हते, महामार्गावर ट्रकवाल्याला काय सोसावे लागते याची जाण होती. मुलांकडून मला अशीच नजर हवी आहे. सुरुवात गाडीत न बसणाऱ्या वस्तूंपासून करावी : काम करताना सुटा भाग नेमक्या जागी धरून ठेवणारे जिग आणि फिक्श्चर, जड सुटा भाग उचलण्याची साधी सोय, मोजमापाचे गेज. काम अधिक सुरक्षित होते की नाही हे निदेशकांनीच तपासावे आणि वस्तू उपयोगी ठरली तर कारखान्याने ती त्या मुलाकडूनच विकत घ्यावी.

भांडवलाचा मुद्दा मात्र मी खोडून काढू शकत नाही. बरोबरीच्या वाट्याची अट शिकाऊ उमेदवारांसाठी नसावी, असेच माझेही म्हणणे आहे.

जुना अ‍ॅप्रेंटिस : ‘विकत घ्यावी’ म्हणणे सोपे आहे. केंद्र सरकारच्या खात्यांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करावी असे धोरण आहे. पण उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, कशी करायची, निविदा कशी वाचायची, बिल अडकले तर दाद कोठे मागायची, हे आम्हाला कोणीही सांगितले नाही. हे शिकवणार असाल तर त्या तासाला माझा विरोध नाही. मात्र रिकाम्या पदांच्या भरतीची मागणी त्यामुळे मागे पडता कामा नये, आणि प्रमाणपत्र हातात पडल्यावर ‘तुम्हाला उद्योजकता शिकवली आहे’ हे उत्तर कोणत्याही उमेदवाराला मिळता कामा नये.