ब्रायटन एका दिवसात: आई-आबांना काय दाखवावं?

रंकाळावेस
आई-आबा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लंडनला भावाकडे जाताहेत. वय ६३ आणि ६८, आईचे गुडघे दुखतात. समुद्रकाठच्या जुन्या इंग्रजी गावासाठी एक दिवस राखून ठेवलाय आणि ब्रायटन ठरतंय. आबा आपल्या कोल्हापूरच्या नवीन राजवाड्याच्या बांधणीवर टिपणं काढतात, त्यामुळे तिथला रॉयल पॅव्हिलियन हा जुना राजवाडा चुकवायचा नाही. आधी काय, नंतर काय? चालणं किती? आणि गावाबाहेरच्या टेकडीवरची हिंदी सैनिकांची स्मारक-छत्री आईला झेपेल का? गणपतीपुळ्यासारखं पाण्यात पाय सोडून बसता येतं का, तेही सांगा.

खासबाग
ताई, सुरुवात पॅव्हिलियनपासूनच करा, सकाळी दार उघडताच. दुपारी सहलीची मुलं आणि पर्यटक वाढले की आतल्या दालनांत नीट थांबून बघता येत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया किंवा लंडन ब्रिज स्टेशनवरून थेट गाडीला साधारण एक तास लागतो. सकाळी साडेनऊनंतरच्या ऑफ-पीक, म्हणजे कमी गर्दीच्या वेळेच्या, गाड्या स्वस्त पडतात. ६० वर्षांवरच्या कुणालाही सीनियर रेलकार्ड मिळतं, त्यासाठी तिथलं रहिवासी असावं लागत नाही. पासपोर्ट दाखवून काढा, तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. फक्त लंडनच्या आसपास सकाळच्या गर्दीच्या वेळेत ती चालत नाही.

स्टेशन ते पॅव्हिलियन पंधरा मिनिटांची चाल आहे, तीही उताराची. येताना तोच चढ होतो, म्हणून परतीला बस किंवा टॅक्सी धरा.

आता आबांसाठी. बाहेरून दिसणारे घुमट-मिनार वास्तुविशारद जॉन नॅशने १८१५ ते १८२३ या काळात उभे केले. नॅश हिंदुस्थानात कधी आलाच नव्हता. थॉमस आणि विल्यम डॅनियल या चुलते-पुतण्यांनी इथे फिरून काढलेल्या चित्रांचे छाप इंग्लंडात पोचले होते, त्यांवरून त्याने हे आकार उचलले. आत हेन्री हॉलंडने १७८७ मध्ये बांधलेलं साधं घर तसंच ठेवलं आणि त्याच्यावर बिडाच्या सांगाड्याचे घुमट चढवले. म्हणजे बाहेरून दगडी वाटणाऱ्या घुमटांच्या पोटात लोखंड आहे. छपरांना वापरलेलं मॅस्टिक नावाचं लुकण टिकलं नाही, ते तडकून पाणी झिरपलं आणि आतलं लाकूड कुजलं. या वास्तूची दुरुस्ती कधी संपत नाही, त्याचं मूळ तिथे आहे. दुरुस्तीची परांची बांधलेली दिसली तर आबांनी ती मुद्दाम बघावी, जोड कसा आहे ते तिथेच कळतं.

तुलना करायची तर आपला नवीन राजवाडा चार्ल्स मँटचा, १८८४ ला पुरा झालेला. मँट हा या मुलखात वर्षानुवर्षं काम केलेला लष्करी अभियंता होता. समोर देवळं, वाडे होते, हाताशी इथला काळा दगड आणि तो घडवणारे पाथरवट होते. नॅशच्या हाती फक्त चित्रं होती. ब्रायटनचा घुमट नाटकातल्या पडद्यासारखा देखणा आहे, पण राजवाड्याच्या कमानीतलं वजन त्यात नाही, असं मला ठामपणे वाटतं. ते दोष म्हणून सांगत नाही. राजपुत्र जॉर्जला मौजेचं घर हवं होतं आणि नॅशने ते दिलं.

आत गेल्यावर हिंदुस्थान संपतो, सगळं चिनी धाटणीचं. मेजवानीच्या दालनात मान वर करा: घुमटाला केळीची भली मोठी पानं, त्याखाली चांदीचा ड्रॅगन आणि त्याने धरलेलं सुमारे एक टन वजनाचं झुंबर. पुढच्या स्वयंपाकघरात बिडाचे खांब नारळाच्या झाडासारखे, वर तांब्याची झावळं. संगीत दालन १९७५ मध्ये जाळपोळीत होरपळलं. ते दुरुस्त होत आलं तोच १९८७ च्या वादळात मिनारावरचा दगडी गोळा छतातून खाली पडून नव्या गालिच्यात रुतला. आज दिसतं ते सगळं पुन्हा घडवलेलं आहे. ही तिन्ही दालनं तळमजल्यावर आहेत, आईंना जिना चढायची गरज नाही.

बागेच्या पलीकडचा मोठा घुमट म्हणजे जुनी घोड्यांची पागा. विल्यम पॉर्डनने तो १८०३ ते १८०८ मध्ये बांधला, म्हणजे पॅव्हिलियनच्या घुमटांच्या आधी. व्यास ८० फूट. आता तिथे संगीताचे कार्यक्रम होतात.

साठमारी
किनाऱ्याबद्दल आधीच स्पष्ट सांगतो, म्हणजे आईंचा हिरमोड व्हायचा नाही. ब्रायटनला वाळू नाही, गोटे आहेत. त्या भागातले कडे खडूच्या दगडाचे, त्यात गारगोटीचे थर. लाटांनी खडू विरघळून झिजतो, गारगोटी उरते आणि घासून गोल होते. गोट्यांवर पाऊल रुततं, घोटा वळतो. दुखऱ्या गुडघ्यांना हे सगळ्यात वाईट. शिवाय पाण्याजवळ उतार एकदम तीव्र होतो, दोन-चार पावलांत कमरेइतकं पाणी लागतं. जूनमध्येही पाणी १४-१५ अंश असतं. पाय सोडून बसायचा विचार सोडा, वरच्या फरसबंद रस्त्यावरून चाला, तिथे बाकं आहेत.

पॅलेस पिअर १८९९ चा, लांबी सव्वापाचशे मीटर. हल्ली बाहेरगावच्या लोकांना थोडं प्रवेशशुल्क द्यावं लागतं. समुद्रात एवढा लांब पूल कशाला, असं आबा विचारतील. तिथे भरती-ओहोटीत पाण्याची पातळी सहा मीटरपर्यंत बदलते, ओहोटीला आगबोट काठाला लागत नाही. म्हणून खोल पाण्यापर्यंत धक्का नेला, आणि मग हवा खायला येणाऱ्यांनी त्याची जत्रा केली. पश्चिमेला वेस्ट पिअरचा गंजलेला सांगाडा उभा आहे. १८६६ चा, यूजीनियस बर्च या अभियंत्याचा. १९७५ ला बंद झाला, नंतर वादळ आणि २००३ च्या दोन आगींनी संपला. ओहोटीच्या वेळी गेलात तर त्याचे बिडाचे खांब बुडापासून दिसतात. तेवढ्यासाठी आदल्या दिवशी भरतीचं वेळापत्रक बघून ठेवा.

आईंसाठी सगळ्यात सोयीचं म्हणजे व्होल्क्सची विजेची गाडी. पॅलेस पिअरजवळून सुटते आणि किनाऱ्याने दीड-एक किलोमीटर मरीनाच्या बाजूला जाते. मॅग्नस व्होल्कने ती ४ ऑगस्ट १८८३ ला सुरू केली. विजेवर चालणारी आणि आजही धावणारी जगातली ही सर्वांत जुनी रेल्वे. हिवाळ्यात बंद असते, जूनमध्ये चालते. वारा जोराचा असतो, आईंना स्कार्फ आणि पातळ स्वेटर लागेलच.

पापाची तिकटी
छत्रीचं मी सांगतो, कारण तिथे घाईने जाऊन उपयोग नाही.

पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१४ ते १९१६ च्या सुरुवातीपर्यंत पॅव्हिलियन आणि तो पागेचा घुमट हे फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं. ७२४ खाटा. धर्म-जातींच्या रीती सांभाळायला नऊ वेगळी स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांना पाण्याचे वेगळे नळ. ब्रायटनच्या इस्पितळांत जे हिंदू आणि शीख दगावले, त्यांतल्या ५३ जणांचं दहन पॅचमच्या टेकडीवर केलं आणि अस्थी समुद्रात सोडल्या. मुसलमान सैनिकांचं दफन वोकिंगला झालं. जिथे चिता रचत तिथेच संगमरवरी छत्री उभी आहे, आठ खांब आणि वर घुमट. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या वास्तुविशारदाचा. अनावरण १ फेब्रुवारी १९२१. खालच्या बाजूला ग्रॅनाइटच्या तीन शिळा आहेत, त्यांच्याखाली चितांचे चौथरे. २०१० मध्ये शेजारी ५३ नावांची भिंत उभारली.

आता झेपेल का ते. गाडी छत्रीपर्यंत जात नाही. टॅक्सीने पॅचमच्या पुढे ब्रेपूल लेनपर्यंत जा, तिथून दीड-दोन किलोमीटर मातीची पायवाट आहे. पन्हाळ्यासारखा अंगावर येणारा चढ नाही, पण सलग आहे, आणि पाऊस पडून गेला की खडूची माती साबणासारखी सटकते. वाटेत पाणी नाही, संडास नाही, सावली नाही. कुरणांची फाटकं उघडली की लगेच लावून घ्यायची, गुरं-मेंढरं असतात. जाऊन-येऊन, थांबून, दोन तास धरा. आईंनी जाऊ नये असंच माझं मत. आबा आणि भाऊ दुपारी जाऊ देत. दरवर्षी जूनमधल्या एका रविवारी तिथे मानवंदनेचा कार्यक्रम असतो, तारीख जुळली तर तोच दिवस धरा.

आईंसाठी पॅव्हिलियनच्या दक्षिणेचा इंडिया गेट पुरे. हिंदी लोकांनी त्या इस्पितळाबद्दल कृतज्ञतेची भेट म्हणून दिलेला, ऑक्टोबर १९२१ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या हस्ते उघडला.

आबांच्या टिपणासाठी एक दुवा: कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले. तिथे आर्नो नदीकाठी १८७४ मध्ये त्यांची छत्री उभी राहिली, तिचा आराखडाही चार्ल्स मँटचाच.

रंकाळावेस
सगळ्यांचे मनापासून आभार. फ्लॉरेन्सचं आबांना वाचून दाखवलं, त्यांनी वही काढली. एकच राहिलं: आईला मासे चालतात, पण तिथे चिप्स कशात तळतात? गोमांसाची चरबी वापरतात असं ऐकलं.

साठमारी
काही दुकानांत वापरतात, त्याला बीफ ड्रिपिंग म्हणतात. उत्तर इंग्लंडात जास्त, दक्षिणेत बहुतेक ठिकाणी वनस्पती तेल. पण अंदाजावर राहू नका. ऑर्डरच्या आधी काउंटरवर सरळ विचारा, "तळायला तेल कोणतं?" त्यांना या प्रश्नाची सवय आहे. मासा कॉड किंवा हॅडॉक, मैद्याच्या जाड आवरणात, तिखट-मीठ काही नाही. बरोबर चटणीची पुडी असू दे. आणि पिअरवर उघड्यावर खाऊ नका. तिथले सीगल मागून येऊन हातातला तुकडा उचलतात, चोच लागते. भिंतीला पाठ लावून बसा किंवा आत बसून खा.