आर. आर. आबा, पतंगराव, अनिलभाऊ : कुणाचं काम टिकलं?

प्रश्न (तासगाव): सांगली जिल्ह्यानं आर. आर. पाटील म्हणजे आबा (२०१५), पतंगराव कदम (२०१८) आणि अनिलभाऊ बाबर (२०२४) हे तीन नेते गमावले. तिघांच्या वारशाची तुलना कशी करावी?

उत्तर १ (विटा): आधी कामाचा प्रकार बघा. पतंगरावांनी संस्था उभ्या केल्या. १९६४ ला पुण्यात भारती विद्यापीठ, १९९६ ला त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा. संस्थेला स्वतःचं उत्पन्न असतं, म्हणून माणूस गेला तरी ती चालते. आबांनी मोहिमा दिल्या. ग्रामस्वच्छता अभियानात अनुदान नव्हतं, गावागावांत चुरस आणि बक्षीस होतं. बक्षीस मिळालं की गटारं पुन्हा तुंबायची, कारण देखभालीला पैसा कुठून आणायचा? तरीही गाव स्वतः झाडू हातात घेतं, हे आबांनीच दाखवलं. ही गोष्ट फार मोठी आहे.

उत्तर २ (आटपाडी): दादा, टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी विसरू नका. कराडजवळ कृष्णेतून उचलायचं, पाच टप्प्यांत चढवत आटपाडीपर्यंत आणायचं, मूळ योजना २२ टीएमसीची (अब्ज घनफूट). अनिलभाऊ आयुष्यभर याच्याच मागे लागले. पण पंप विजेवर चालतात. बिलाचा ८१ टक्के भार सरकारवर, १९ टक्के शेतकऱ्यावर. पाणीपट्टी थकली की वीज तुटते आणि कालव्याच्या शेपटाकडची शेतं आधी कोरडी पडतात.

उत्तर ३ (कडेगाव): टेंभू एकट्याचं नव्हे. ताकारी आणि टेंभू या दोन्ही पाणी योजनांसाठी पतंगरावही झटले. श्रेय वाटून द्या, आणि आधी कालव्याच्या शेवटच्या चारीला पाणी येतंय का ते बघा.