पहिल्या टाकीत गोल्डफिश? खान्देशात तरी नकोच

जळगावचा मामा
भाच्याला वाढदिवसाला दोन फुटी टाकी घेतली, दुकानदाराने त्याच दिवशी ६ गोल्डफिश आणि एक सकर (काचेला चिकटणारा मासा) गळ्यात मारला, वर म्हणे पाणी दोन-तीन महिने बदलायचं कामच नाही. एप्रिलची गोष्ट. आठव्या दिवशी पहिला मासा उताणा, मे लागायच्या आत टाकीत फक्त सकर. पोराने एकेक मासा निंबाखाली पुरला, शेवटच्याला तर अगरबत्ती पण लावली. तर माझं ठाम मत, नवशिक्याने आपल्याकडे गोल्डफिश घ्यायचाच नाही. मुळात थंड पाण्याचा जीव, खादाड, घाण भरपूर, आणि इथे मे मध्ये पारा ४५ ला टेकतो. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. सरळ गप्पी नाहीतर मॉली घ्या, त्यांना जड पाणी मानवतं आणि आपल्या बोअरला क्षारांची काय कमी, बादलीची कड बघा.

भुसावळकर
काय भो, दोष माशाला कशाला देतो. त्याच दिवशी ६ टाकले तिथेच खेळ संपला. माशाच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात बसायला ४ ते ६ आठवडे लागतात, आधी नायट्राइट मग नायट्रेट, हे चक्र बसल्याशिवाय कोणताही मासा टाक, मरणारच. आमच्या अंगणातल्या हौदात गोल्डफिश सहा वर्षं झाली मजेत आहेत, इथलेच सगळे उन्हाळे काढले.

जळगावचा मामा
हौद किती लिटरचा?

भुसावळकर
हजारभर. वर हिरवी जाळी आहे.

जळगावचा मामा
मग झालं की! माझी टाकी जेमतेम ५५ लिटरची. हजार लिटर तापायला वेळ लागतो, ५५ लिटर दुपारी दोनपर्यंत चहा होतं. घाईचं मान्य, पण वीतभर होणारा मासा दोन फुटात कोंडायचा कशाला?

धुळ्याची ताई
गप्पी गप्पी करताय पण पुढचं कोणी सांगत नाही. एक नर तीन माद्या आणल्या, साधारण महिन्याला एकेकीची पिल्लं, पोळ्यापर्यंत मी मोजणं सोडलं, शेजारणी आता बरणी बघितली की दार लावतात 😄 त्यापेक्षा एक फायटर मासा (बेटा). एकटा राहतो, आणि वर येऊन हवा घेतो त्यामुळे लाईट गेली, पंप बंद पडला तरी जीव टांगणीला नाही. फक्त बरणीत ठेवू नका, १५-२० लिटर तरी द्या.

भुसावळकर
ताई तुमच्याच धुळ्यात जानेवारीत पारा १० च्या खाली जातो. फायटर आणि गप्पी दोघंही गरम पाण्याचे, तेव्हा हीटर कोण घेणार? गोल्डफिशला थंडीत स्वेटर लागत नाही. उन्हाळा सगळ्यांना दिसतो, हिवाळा कोणालाच नाही.

धुळ्याची ताई
हीटर आहे माझ्याकडे. आणि मे मध्ये टाकीचं झाकण काढून पाण्यावर टेबल फॅन. दोन्ही मिळून तुमच्या हौदापेक्षा स्वस्तच पडलं.

नंदुरबारहून
गप्पीला पैसे कशाला घालता? आरोग्य केंद्रात विचारा, डासांच्या अळ्या खातात म्हणून ते लोक स्वतःच सोडत फिरतात, 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' भिंतीवर वाचलं नाही का कधी. दुकानातले मोठ्या शेपटीचे दिसायला भारी पण नाजूक, मी दोनदा आणले दोनदा गेले. हे केंद्रातले मळकट गप्पी मात्र बोअरच्या पाण्यातच वाढलेले. आता पोराला ते आवडतील का ते वेगळं.

जळगावचा मामा
तेच तर, भाचा म्हणतो हे तर नाल्यातले मासे. यावेळी टाकी महिनाभर नुसती चालवतो, मग ५ मॉली, आठवड्याला पाव पाणी बदलायचं, नळाचं असेल तर दिवसभर उघडं ठेवून. पण सकरचं काय करू? वाचलं की तो फुटापेक्षा मोठा होतो. तापीत सोडून येऊ का?

धुळ्याची ताई
अजिबात नाही! नदीत हे सकर वाढले तर आपल्या देशी माशांची वाट लागते. दुकानदाराला परत दे.

जळगावचा मामा
दिला होता, घेत नाही म्हणे. भुसावळकर, तुमच्या हौदात जागा आहे ना?

भुसावळकर
हौदात नको, तो रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटतो. मागे एक जुना ड्रम आहे दोनशे लिटरचा, सध्या त्यात ठेवू, पुढचं बघू. पाणी तुझ्याच टाकीतलं आण, एकदम बदलू नको.