मायक्रोवेव्हमधे रस्सा कडेला खदखदतो, मधे गारच

पीजीवाला_पुणेकर
साधा २० लिटरचा सोलो मायक्रोवेव्ह आहे रूमवर, ८०० वॅटचा. डबा दुपारी एकला येतो, मी सातला आलो की फ्रीजमधे टाकतो आणि रात्री गरम करतो. चिकनचा रस्सा कडेला उकळतोय आणि तंगडी फोडली तर हाडापाशी गार! वेळ वाढवला की कडेचे पीस वातड. प्लेट फिरते व्यवस्थित. मशीनचा लोचा आहे का सगळ्यांचंच असं होतं?

झणझणीत
मशीन बरोबरे. लहरी कडेनं दोन-तीन सेंटीमीटरच आत जातात, पुढं उष्णता हळूहळू सरकते. प्लेट फिरते खरी पण मधोमध असलेलं मधेच राहणार ना. पसरट काचेच्या भांड्यात काढा, जाड पीस कडेला, मधे चक्क खड्डा, झाकण थोडं तिरकं. दोन मिनिटं फिरवा, खालपासून ढवळा, परत दोन मिनिटं, आणि बंद झाल्यावर लगेच तुटून पडू नका, दोन मिनिटं झाकून तसंच राहूद्या, हाडापर्यंत गरम तेव्हाच होतं.

आळशी_सुगरण
+१. आणि पॉवर ५० टक्क्यावर ठेवून जास्त वेळ लावा. साध्या मशीनमधे ५० टक्के म्हणजे अर्धा वेळ चालू अर्धा वेळ बंद, तो घुर्रर्र आवाज मधेच कमी होतो तेच. फ्रीझरमधलं असेल तर डीफ्रॉस्टच, कारण बर्फ लहरी फारशा शोषत नाही, पाणी शोषतं, म्हणजे कड वितळली की ती शिजायला लागते आणि मधे दगड तसाच.

खडूस_काका
चिकनचं ठीक आहे, आतून ७४ डिग्री झालं की झालं, पंधरा सेकंदात दाखवणारा थर्मामीटर मिळतो. पण एक ते सात डबा बाहेरच?? त्यात भात असणार. भातातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवून मरत नाहीत, भात बाहेर राहिला की विष तयार करतात आणि ते नंतर कितीही तापवलं तरी जात नाही. दोन तासांत फ्रीजमधे, नाहीतर सरळ टाकून द्या.

पीजीवाला_पुणेकर
बापरे, भाताचं माहीतच नव्हतं. रूममेट दुपारी असतो, त्याला सांगतो, फक्त त्याने पीस नाही लंपास केले म्हणजे मिळवलं. बुधवारी अंडाकरी असते, तिला पण हेच सगळं?

झणझणीत
अंडी आधी कापून घ्या. अख्खं उकडलेलं ठेवलंत तर आत वाफ कोंडते, आणि आत नाही फुटलं तरी बाहेर काढून चमचा लावला की तोंडावर फुटतं.